बाबांचे भरलेले दात

डॉक्टरांनी माझं बोट धरून बाबांच्या दातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "नख फिरवून बघा." वरचे पुढचे चार दात त्यांनी हिरडीला लागून नुकतेच भरले होते. मी नख हिरडीकडून खाली आणलं. दात कुठे संपतो आणि भरलेलं कुठे सुरू होतं, काही कळलं नाही. बाबा तोंड उघडं ठेवून छताकडे बघत होते, हजामाच्या खुर्चीत बसल्यासारखे निवांत. "असंच राहायला पाहिजे हां," डॉक्टर म्हणाल्या. मी मान डोलावली. ते जणू माझ्याच हातात होतं.

सहा-सात महिन्यांनी घरी बेसिनपाशी मी तेच नख त्याच दातावर तसंच फिरवलं आणि ते अडलं. अगदी किंचित. खरखरीत काहीतरी लागलं. बल्ब लावून पाहिलं तर चकाकी गेली होती आणि भरलेल्या जागी चहाच्या रंगाची कड उमटली होती. बाबांनी माझं बोट तोंडातून काढलं, माझ्याकडे जरा रागाने पाहिलं आणि ब्रश उचलला.

बाबा म्हणजे माझे वडील, वय ऐंशीच्या पुढे, लालबागच्या एका मिलमधून घरी बसलेले. मिल गेली, मिलच्या जागी काचेची इमारत आली, आमची चाळ जाऊन तिथेच टॉवर उभा राहिला आणि आम्ही सतराव्या मजल्यावर आलो. मी परळच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. आणि आई गेल्यावर वर्षभरातच बाबा विसरू लागले. आधी चष्मा, मग वार, मग आई गेली आहे हेही.

दातांचं मात्र ते कधी विसरले नाहीत. ते समजायला मिलच्या आतलं थोडं सांगावं लागेल. बाबा साच्यावर होते, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर. या टोकापासून त्या टोकाला सूत घेऊन पळणारा लाकडी धोटा असतो. त्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि तिचं सूत धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. त्याला सोपी युक्ती एकच, भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा. सूत सुर्रकन जिभेवर येतं. दिवसातून किती वेळा, त्याला गणती नाही. सुताबरोबर कापसाचे तंतू येत, सुताला लावलेली खळ येई, आणि आधीच्या पाळीत ज्याने त्याच धोट्याला तोंड लावलं त्याची थुंकीही येई. या उष्ट्याच्या नावाखाली एके काळी काही जातींच्या माणसांना त्या खात्यात पाऊल ठेवू देत नसत, हे मी पुढे कुठेतरी वाचलं. बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या टायमाक सगळे होते. थुकी सगळ्यांची सारखीच." खरं किती, मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की पाळी सुटून घरी आले की चप्पल काढायच्या आधी त्यांचा हात मोरीवरच्या फळीकडे जायचा. तिथे काळ्या दंतमंजनाचा डबा आणि कडक केसांचा ब्रश. दात घासल्याशिवाय ते पाण्याचा घोटही घेत नसत. आणि घासणं कसलं, आडवं, कोपर हलवून, पितळेची कळशी घासावी तसं. शेजारच्या खोलीत ऐकू जायचं.

आई म्हणायची, "ह्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात जाग्यार आसत, पण एक गोड शब्द भायर येत नाय." बाबा त्यावर हसायचे, दात दाखवून. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी जगाची रीत. संप झाल्यावर आमच्याकडे चणे नव्हते पण दात होते. त्या दातांचा त्यांना गर्व होता. सत्तराव्या वर्षी ते ऊस दाताने सोलायचे आणि मला मुद्दाम दाखवायचे.

तर त्या दातांना आतून काही झालं नाही, बाहेरून झालं. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून हिरडीजवळ खाचा पडल्या होत्या, कुऱ्हाडीचा पहिला घाव खोडावर पडावा तशा. आम्हाला पत्ता नव्हता. एके दिवशी बाबांनी जेवणच सोडलं. घास तोंडाशी न्यायचे, थांबायचे, परत ताटात ठेवायचे. दुखतंय का विचारलं तर "नाय". भूक नाही का, तर "आसा". मला वाटलं माझ्यावर रुसलेत. मी दोन दिवस त्यांच्यावर ओरडले, हे लिहून ठेवते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

हिंदमाताला साड्यांच्या दुकानांच्या वर एका डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे. बाई गिरगावातल्या जुन्या ख्रिश्चन घरातल्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, केस पिकलेले, हात मऊ. "अंकल, आ करा, बस एवढंच," म्हणत त्यांनी दोन खेपांत चारही खाचा दाताच्या रंगाच्या मसाल्याने भरल्या, निळा दिवा धरून घट्ट केल्या आणि चकचकीत घासल्या. बाबा त्या संध्याकाळी दोन भाकऱ्या जेवले. मला इतकं हायसं वाटलं की मी खिडकीपाशी जाऊन थोडी रडले.

डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. ब्रश मऊ हवा; जोर नको, हळू गोल गोल फिरवा; आणि ते काळं दंतमंजन आजपासून बंद, साधी पेस्ट वापरा. मऊ ब्रश बाबांनी घेतला. जोराबद्दल मी म्हटलं, बघू. पेस्ट मात्र त्यांनी तोंडात घातली आणि थुंकली. "ह्यो साबण आसा," म्हणाले. दुसऱ्या दिवशी गुलाबी आणली, तीही साबण. तिसऱ्या दिवशी ते गॅसच्या शेगडीखाली बोट फिरवून काळं काही मिळतंय का ते शोधताना सापडले.

इथे मी शहाणपणा केला. औषधाच्या दुकानात फळीवर कोळशाची पेस्ट दिसली. काळीकुट्ट, नळीही काळी, वर लिहिलेलं की दात पांढरेशुभ्र करते. डॉक्टर दंतमंजन नको म्हणाल्या होत्या, पेस्ट चालेल म्हणाल्या होत्या. ही पेस्ट होती. रंगाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. मी ती घरी आणून ब्रशवर काढली, बाबांनी वास घेतला, दातांना लावली आणि त्यांचा चेहरा उजळला. "आता कसा," म्हणाले. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले की म्हाताऱ्या माणसांशी वागायला थोडं डोकं लागतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण शाळेच्या फळ्यावर मी कित्येकदा वाचली आहे, पण आपला बैल आपल्याला दिसत नाही.

दिवसा मी शाळेत असते तेव्हा बाबांजवळ शीव कोळीवाड्याच्या एक मावशी येतात. तोंडाने फटकळ, हाताने मायाळू. नख अडलं त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, बाबा दिवसात किती वेळा दात घासतात. त्या पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या, "आज पाच टायमाला घासले. पाच टायमाला कामावरून आले ना तुमचे बाबा."

"म्हणजे?"

"खिडकीत जाऊन उभे राहतात, मग येतात, म्हणतात पाळी सुटली, आणि डायरेक्ट बाथरूम. मी काय बोलू? कामावरून आलेल्या माणसाला नको धुऊ बोलू?"

मी त्यांच्यावर चिडले. तुम्ही मला आधी का नाही सांगितलं, वगैरे. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्हीच बोलला होतात ना, बाबा स्वतःचं स्वतः करतात ती एकच गोष्ट राहिलीय, ती करू द्या." मी खरंच तसं म्हटलं होतं. शर्टाची बटणं मी लावत होते, आंघोळ मावशी घालत होत्या, घासही कधी कधी भरवावा लागे. पण ब्रश हातात आला की बाबांना सगळं येत असे. टोपण काढणं, पेस्ट पिळणं, खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात, शेवटी ब्रश धुऊन झटकून उभा ठेवणं. त्या पाच मिनिटांत त्यांना बघणाऱ्या कुणालाही वाटलं नसतं की या माणसाला मुलीचं नाव आठवत नाही.

मी त्यांना पुन्हा हिंदमाताला घेऊन गेले. डॉक्टरांनी आरसा घातला, सुई फिरवली, आणि विचारलं, "पेस्ट कोणती?" मी मोबाइलवर काळ्या नळीचा फोटो दाखवला, अजूनही थोड्या अभिमानाने. त्यांनी फोटो बघितला आणि मोबाइल मला परत दिला.

मग समजावून सांगितलं. त्या चांगलं सांगतात. म्हणाल्या, "चाळीत तुमच्याकडे मोझॅकची लादी होती ना? नवीन असते तेव्हा पॉलिश, एकदम प्लेन. रोज पावडर टाकून घासली तर काय होतं? आधी सिमेंट झिजतं, ते मऊ असतं. खडे वर राहतात, पायाला टोचतात. मग खडेपण सुटतात. ह्या मसाल्यात सेम आहे, मऊ भाग आहे आणि त्यात बारीक बारीक कण. पेस्टमधली कच मऊ भाग खाते. पॉलिश जातं, खरखरीत होतं, त्यात चहा बसतो, घाण बसते. नुसता ब्रश फारसं काही करत नाही हो. ब्रशने ती कच दातावर दाबली जाते, ते वाईट. आणि दात गोरे करणाऱ्या पेस्टमध्ये बऱ्याचदा कच जास्त असते."

"काळी आहे म्हणून मी..." मी म्हटलं.

"मला कळलं तुम्ही का आणली ते," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी पुन्हा पॉलिश केलं, एक दात नव्याने भरला. बाबा या खेपेला निवांत नव्हते, दोनदा डॉक्टरांचा हात ढकलला. जाताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. हे असंच चाललं तर मसाला जाईल, मग खाच वाढेल, मग नस उघडी पडेल. तेव्हा इथे अर्धा अर्धा तास त्यांना बसवणं जमेल असं वाटत नाही. दात काढावे लागले तर कवळी त्यांना सांभाळता येणार नाही. "अंकलना दुखेल आणि कुठे दुखतंय ते सांगता येणार नाही. ब्रश द्या, पण पेस्टशिवाय द्या."

पेस्टशिवाय द्या. किती सोपं.

काळी नळी मी कचऱ्यात टाकली. बाबांनी नुसता ओला ब्रश तोंडात घातला, बाहेर काढून पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "मंजन खंय?" संपलं, म्हटलं. उद्या आणते. त्यांनी ब्रश ठेवला आणि ताटावर येऊन बसले, पण जेवेनात. "तोंडात सूत आसा," म्हणाले. मी ओंजळीने चूळ भरायला लावली. सूत होतंच. जिभेवरून दोन बोटांनी ते ओढून काढत राहिले, न दिसणारं, लांबच लांब, आणि माझ्या हातात द्यायला लागले. मी ते घेत राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही नाही.

मग मी ती काळी नळी कचऱ्यातून काढून रिकामी केली आणि तीत डॉक्टरांनी आधी सांगितलेली साधी पेस्ट भरायचा उद्योग केला. इंजेक्शनच्या सिरिंजने. ती पांढरी निघाली, अर्थातच, आणि त्यांनी बेसिनमध्ये थुंकली. मी पुढे काय काय मिसळून पाहिलं ते सांगायची लाज वाटते.

ऑफिसातल्या डोक्याने आणखी एक उपाय काढला. आरशाशेजारी एक कागद चिकटवला, पेन्सिल बांधली. एकदा दात घासले की एक खूण करायची, म्हणजे त्यांना दिसेल की झालंय. बाबांना कागद फार आवडला. संध्याकाळी येऊन पाहते तर त्यावर एकाखाली एक सहा सह्या. संपूर्ण नाव, वळणदार, मिलच्या हजेरीपटावर करायचे तशा. हजेरी लावायला मिळतेय म्हटल्यावर ते एक पाळी जास्तच करून आले होते. मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसले, आणि मग कागद फाडायला हात उचलेना. त्यांचं नाव त्यांना अजून लिहिता येत होतं. कागद तसाच ठेवला.

शेवटी मी काळी पेस्ट परत आणली. लिहायला सोपं वाटतं, पण त्या दुकानात मी फळीसमोर बराच वेळ उभी होते. इकडे आड, तिकडे विहीर. दिली नाही तर उपाशी राहतात, दिली तर मी माझ्या हाताने त्यांचे दात झिजवते. मग हिशेबी तडजोडी केल्या. मी घरात असेन तेव्हा मुगाएवढीच काढायची. नळी कपाटात कुलपात, किल्ली अडीनडीला मावशींकडे. मावशींना ताकीद. मावशींनी दोन दिवस ताकीद पाळली, तिसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणाल्या, "ताई, ते रडतायत. मी देते. मला ओरडायचं तर संध्याकाळी ओरडा." मी संध्याकाळी ओरडले नाही.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट सांगते आणि थांबते. दुपारचे बारा वाजत आले होते. मी बाजारातून येऊन पिशवी ओट्यावर ठेवत होते, कोलंबी सोलायची होती. बाबा खिडकीतून वळले, माझ्याकडे पाहिलं. घामाने माझा चेहरा ओला होता.

"तुजी पाळी सुटली?" त्यांनी विचारलं.

मी कोण वाटले त्यांना, माहीत नाही. मिलमधलं कुणीतरी असेल. "हो, सुटली," मी म्हटलं.

"मगे आदी दात घास. तशीच जेवूक बसू नको."

त्यांनी माझ्या मनगटाला धरून बेसिनपाशी नेलं. मला हे आवडलं, खोटं कशाला बोलू. कित्येक महिन्यांत त्यांनी मला कुठे नेलं नव्हतं. नळी त्या दिवशी बाहेरच राहिली होती. त्यांनी टोपण काढलं, त्यांच्याच ब्रशवर पेस्ट घेतली, आणि म्हणाले, "आ कर." मी आ केलं. पन्नाशी उलटलेली बाई मी, बापासमोर तोंड उघडून उभी राहिले.

आता हे कोपर हलवून माझ्या हिरड्या सोलणार, म्हणून मी डोळे मिटले. पण ब्रश टेकला तो इतका हलका की आधी लागलाच नाही. त्यांनी दुसऱ्या हाताने माझी हनुवटी धरली होती. एकेक दात, वरून खाली, हिरडीकडून टोकाकडे, गोल गोल, डॉक्टर जसं सांगून सांगून दमल्या होत्या अगदी तसं. माझी एक दाढ कधीची भरलेली आहे, तिथे ते आणखी सावकाश झाले. त्यांना कसं कळलं? मला लहानपणी ते असेच दात घासून देत असणार, पाळीवरून येऊन, स्वतःचे घासून झाल्यावर. मला ते आठवत नाही. त्यांना माझं नाव आठवत नाही आणि हे आठवतं. तोंडात काळा फेस साठत होता.

"थुक," म्हणाले. मी थुंकले. त्यांनी माझं तोंड आपल्या पंच्याने पुसलं.

मग त्यांनी तोच ब्रश धुतला, त्यावर बोटभर पेस्ट घेतली आणि स्वतःच्या दातांवर चालवला. आडवा, कोपर हलवून, सगळा जोर लावून. तो आवाज बाथरूमच्या टाइल्सवर आदळत होता. मी हात पुढे केला, "बाबा, हळू, मला केलंत तसं," म्हटलं. त्यांनी माझा हात बाजूला केला. दुसऱ्याच्या तोंडाला हळू लावायचं असतं, आपल्या तोंडातलं सूत असं जात नाही, असंच काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी बेसिनची कड धरून उभी राहिले. त्यांनी चूळ भरली तेव्हा काळ्या पाण्यात एक पिवळट कण खाली गेला. मी बोट घातलं, पण तो जाळीतून निघून गेला होता. त्यांनी पेन्सिल घेऊन कागदावर सही केली.

जेवायला बसल्यावर ते खुशीत होते. कोलंबीची आमटी दोनदा मागितली. मग माठातल्या पाण्याचा ग्लास उचलला, मी नको म्हणेपर्यंत तोंडाला लावला, आणि डोळे गच्च मिटून घेतले. ग्लास हातातच राहिला. डोळे उघडले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लहान मूल मोठ्या माणसाकडे बघतं तसं, आणि विचारलं, "ह्या काय दुखता गो?"

मला उत्तर पाठ होतं. लादीपासून दाताच्या नसेपर्यंत सगळं.

"काही नाही, बाबा. पाणी गार आहे," मी म्हटलं, आणि कोमट पाणी आणायला उठले.